साच्यावर लिहा

डिसेंबरात आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसणं म्हणजे शिक्षाच. बाहेर नाशिकची थंडी, आणि आत सर्व्हर तापू नये म्हणून बारा महिने चालू ठेवलेला एसी. पोरं जर्किनात हात खुपसून बसतात, मुली ओढण्या कानांवर घेतात आणि मी, म्हणजे लॅबचा सहायक, माकडटोपी घालून कोपऱ्यातलं टेबल सांभाळतो. खैरनार सर मात्र फळ्यासमोर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उभे असायचे. दात वाजायचे, पण स्वेटर अंगावर चढायचा नाही. नव्हता असंही नाही. वहिनींनी विणलेला चांगला तपकिरी स्वेटर त्यांच्या पिशवीत घडी करून ठेवलेला असायचा. पहिल्या वर्षी मला वाटलं, माणूस थोडा सर्किट आहे. एकदा विचारलंच.

"शिंदेभाऊ," ते म्हणाले, "मी स्वेटर घातला की माझी थंडी गेली. मग एसीचं कोण विचारणार? थंडी सगळ्यांना वाजते, तर इलाजही सगळ्यांचा पाहिजे."

एसीचा रिमोट प्राचार्यांच्या केबिनमध्ये कुलपात. सरांनी तापमान वाढवण्यासाठी दर हिवाळ्यात अर्ज दिला. तापमान काही वाढलं नाही, सरांना सर्दी मात्र न चुकता झाली. असा हा माणूस. समजायला सोपा, पण त्याच्या बाजूने उभं राहायचं म्हणजे अंगावर काटा यायचा.

खैरनार सर सटाण्याकडचे. आमच्या कॉलेजात ते ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकवायचे. मी लॅबमध्येच बसून असल्यामुळे हा विषय वर्षानुवर्षं माझ्या कानांवरून गेला आहे. परीक्षा दिली असती तर काठावर पास झालो असतो. सर 'क्लास' हा शब्द फारसा वापरत नसत. ते म्हणत, साचा. आमच्याकडची निम्मी पोरं सातपूरच्या कामगारांची, कोणाचा बाप प्रेसवर, कोणाचा काका मोल्डिंगवर. त्यांना साचा म्हणजे काय ते सांगावं लागत नसे. "साचा एक, त्यातून निघणाऱ्या वस्तू शंभर," सर सांगायचे. "प्रत्येक वस्तूचं काही तिचं स्वतःचं असतं. पण काही गोष्टी साच्यावरच लिहिलेल्या असतात. त्या एकदा बदलल्या की सगळ्या वस्तूंना लागू. वस्तूवर लिहिलं तर ती एकटी बदलते, बाकीच्या तशाच. म्हणून काही बदलायचं असेल तर आधी विचारा, हे कुठे लिहायचं? सगळ्यांसाठी असेल तर साच्यावर लिहा."

हे 'साच्यावर लिहा' त्यांच्या तोंडात इतकं बसलेलं होतं की पोरं पाठीमागे त्यांना तेच म्हणायची. सरांना ते माहीत होतं. वाईट वाटत नसे. "नाव ठेवलं तरी बरोबर ठेवलं," म्हणायचे.

एकदा पेठकडची गावित नावाची मुलगी प्रोग्राम करत होती. खानावळीचा. प्रत्येक मेंबरने काय मागितलं त्याची यादी ठेवायची, एवढं साधं. पण तिने ती यादी मेंबरच्या ऐवजी साच्यावर ठेवली. सगळ्या नवशिक्यांची ही ठरलेली चूक. प्रोग्राम चालवला, एका मेंबरला एक भाकरी दिली, आणि पडद्यावर सगळ्याच मेंबरांच्या नावापुढे भाकरी उमटली. वर्ग हसायला लागला. पोरगी रडकुंडीला आली. "सर, मी एकीलाच दिल्ही, मग सगळ्यांला कशी गेली?"

सर तिच्या मागे येऊन उभे राहिले, पडद्याकडे बघितलं आणि इतके खूश झाले की मला वाटलं आता पेढे मागवतात. "गावित, प्रोग्राम चुकलाय," ते म्हणाले. "यादी मेंबरची आहे, ती तू साच्यावर ठेवलीस. दुरुस्त कर. पण बाई, एकीने मागितलं आणि सगळ्यांच्या ताटात पडलं, अशी खानावळ असती ना, तर मी तिथेच राहायला गेलो असतो." पोरगी डोळे पुसत हसली. पुढे तिला पुण्यात नोकरी लागली, तेव्हा तिने पहिला फोन सरांना केला. सर त्या वेळी कुठे होते ते पुढे येईलच.

आता सरांचं दुखणं सांगतो. ते आमच्याकडे तासिका तत्त्वावर होते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांना सांगायला हवं: तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, उन्हाळ्याचे नाहीत. एप्रिलात माणूस घरी जातो आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील का याची वाट बघतो. बोलावलं तरी मागच्या वर्षीचा पगार दिवाळीला मिळाला तर नशीब. मी बारावी पास, पण कायम. सर डबल ग्रॅज्युएट, नेट पास, आणि दर जूनला नव्याने मुलाखत द्यायचे. तीच जागा, तेच टेबल, समोर तेच विभागप्रमुख, आणि प्रश्न विचारायचे, "आपला अनुभव किती?" सर शांतपणे उत्तर द्यायचे. मी असतो तर टेबल उलटं केलं असतं.

साच्याच्या पोटी साचा असतो, हेही ते शिकवायचे. आईच्या साच्यावर जे लिहिलेलं असेल ते पोटच्या साच्याला आपोआप मिळतं. मात्र पोटच्या साच्यावर तीच गोष्ट वेगळी लिहिली असेल तर तिथे आईचं चालत नाही. एक दिवस उदाहरण म्हणून त्यांनी फळ्यावर आईचा साचा काढला: प्राध्यापक. तास घेणे, पेपर तपासणे, परीक्षेला उभं राहणे, उन्हाळ्यात पगार. खाली पोटचा साचा: तासिका प्राध्यापक. "आता बघा," ते म्हणाले, "तास घेणे वरून आलं. पेपर तपासणे वरून आलं. परीक्षेला उभं राहणेही आलं. फक्त एकच ओळ इथे नव्याने लिहिलेली आहे." आणि त्यांनी लिहिलं: उन्हाळ्यात पगार, नाही.

पोरांनी बाकं बडवली. नेमके त्याच वेळी विभागप्रमुख दारात उभे. त्यांनी फळा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "खैरनार, उदाहरण दुसरं घ्या," एवढंच बोलून गेले. दुसऱ्या दिवशी सरांनी वाहन आणि ट्रॅक्टर घेतलं. पोरांना ते अजिबात लक्षात राहिलं नाही.

कायम करा, म्हणून सर किती दारांत गेले असतील त्याला गणती नाही. त्यांचा विषय असा की, एखादी गोष्ट वस्तूपाशी नसेल तर कॉम्प्युटर ती साच्यावर शोधतो, तिथे नसेल तर त्याच्या आईच्या साच्यावर, मग तिच्या आईच्या. सरांचंही तसंच झालं. विभागप्रमुख म्हणाले, माझ्या हातात नाही, प्राचार्यांना भेटा. प्राचार्य म्हणाले, संस्थेकडे जा. संस्थेचे सचिव म्हणाले, सहसंचालकांचं पत्र आणा. सहसंचालक कार्यालयातल्या बाबूने चहा पाजला आणि मुंबईचं नाव काढलं. सर मुंबईलाही जाऊन आले. परत आल्यावर पार्किंगमधल्या टपरीवर माझ्याशेजारी बसले.

"काय झालं सर?"

"वर वर शोधत गेलो, शिंदेभाऊ. सगळ्यात वर पोहोचलो. तिथेपण नाही."

"मग?"

"मग काय, एरर," म्हणाले, आणि स्वतःच मोठ्याने हसले. मला हसू आलं नाही. त्या हसण्याच्या मागे त्यांच्या घरचं भाडं, मुलीची कॉलेजची फी आणि गावाकडची म्हातारी आई उभी होती, हे मला दिसत होतं. असल्या वेळी हसणाऱ्या माणसाचा मला राग येतो.

त्यानंतर ते कोर्टाच्या वाटेला लागले. आमच्या कॉलेजात तासिकेवरचे एकूण अकरा जण. सरांनी एकेकाला गाठलं. एक म्हणाला, घरच्यांना विचारतो. एक म्हणाली, माझं लग्न ठरतंय, आता नको. सगळ्यांना भीती एकच, जूनमध्ये बोलावलं नाही तर? सर म्हणाले, "पहिलं नाव माझं असू द्या. दगड पहिल्यालाच लागतो." मग सह्या झाल्या. अकरा जणांची याचिका दाखल झाली. मागणी अशी की रिकाम्या जागांवर, इतकी वर्षं शिकवणाऱ्या सगळ्यांना नियमित करा. वकील म्हणाला, वेळ लागेल. सर म्हणाले, वेळ तर तसाही जातोय.

याचिका दाखल झाली तसा कॉलेजात सरांचा भाव वाढला. म्हणजे लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. आणि मग एके दिवशी सचिवसाहेबांनी त्यांना बोलावलं. केबिनमध्ये काजूचं ताट, पंखा जोरात, आवाज मऊ. एक जागा भरायला मंजुरी आली होती. ती खैरनारांना द्यायला संस्था तयार होती. कायम. फक्त याचिकेतून नाव काढून घ्यायचं. पहिलं नाव गेलं की बाकीचे पत्त्यांसारखे पडतील, हे साहेबांना ठाऊक होतं. सरांनाही ठाऊक होतं. विचार करायला आठ दिवस दिले.

तिसऱ्या दिवशी वहिनी लॅबमध्ये आल्या. हातात डबा, सर विसरून आले होते म्हणे. पण डबा निमित्त होता. सर वर्गावर गेलेत हे बघूनच त्या आल्या होत्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तरी त्यास्ले समजाडा. पोरनं लगीन करनं शे, सासू बिमार शे. हाई जागा गयी ते पुढे काहीच नही." डोळ्यांत पाणी नव्हतं. पाण्याच्या पलीकडे गेलेल्या होत्या त्या.

मी सरांना संध्याकाळी गाठलं. कॉम्प्युटर बंद करत करत बोललो, म्हणजे तोंडाकडे बघावं लागत नाही.

"घ्या ना सर. एक तरी सुटेल."

"एक वस्तू बदलली म्हणून साचा बदलतो का, शिंदेभाऊ?"

"मला नका शिकवू. बदलत नाही. इतकी वर्षं ऐकतोय."

"मग उद्या नवीन पोरगा तासिकेवर येईल, तो कसा निघेल? आमच्यासारखाच. आणि हे दहा जण? त्यांनी माझ्या शब्दावर सही केलीय."

"त्या दहांतल्या कोणाला ही जागा दिली असती, तर त्याने तुमचं तोंड तरी बघितलं असतं का?"

सरांनी डस्टर घेऊन फळा पुसला. मग म्हणाले, "नसतं बघितलं. माहीत आहे मला."

"मग?"

"मग तरी त्याने काय होतं? ते तसे वागले असते म्हणून मी वागू?" आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेले. माझा असा संताप झाला होता की मी एक कॉम्प्युटर बंद न करताच लॅबला कुलूप लावलं. चांगुलपणा असा बेहिशेबी असला की तो जवळच्यांच्या मुळावर येतो, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पण मान त्यांच्यापुढेच झुकते, त्याला मी तरी काय करू?

आठव्या दिवशी सरांनी सचिवसाहेबांना जाऊन सांगितलं, सगळ्यांचं करा, माझ्या एकट्याचं नको. साहेबांनी काजूचं ताट पुढे केलं म्हणे. सरांनी एक उचलला, थँक यू म्हणाले आणि बाहेर आले.

जूनमध्ये वेळापत्रक लागलं. त्यात खैरनार हे नाव नव्हतं. सरांनी विचारलं तर उत्तर मिळालं, वर्कलोड बसत नाही. ती एक जागा बाहेरच्या एका मुलाला मिळाली. सरांचा विषयही त्यालाच दिला. मुलगा वाईट नाही. मोबाइलवर वाचत वाचत शिकवतो. पोरंही मोबाइलवर वाचत वाचत ऐकतात. आजकाल सगळा कोड मशीनच लिहून देतं, साचा कोणाला शिकायचाय, असं तो मला एकदा म्हणाला. खरंही असेल.

कॉलेज सोडताना माणसाने नो ड्यूजचा कागद फिरवायचा असतो, लायब्ररी, स्टोअर, जिमखाना, सगळ्यांच्या सह्या. सर तो मागायला ऑफिसात गेले. क्लार्क म्हणाला, तासिकावाल्यांना लागत नाही. त्यांच्या नावावर कॉलेजने कधी काही दिलेलंच नव्हतं, त्यामुळे परत घ्यायलाही काही नव्हतं. निरोप समारंभाची वर्गणी कायम स्टाफची असते, म्हणून निरोपही नाही. मीच त्यांना टपरीवर नेलं. पाववडा मागवला. सरांनी मिरची बाजूला काढून ठेवली, वडा अर्धा खाल्ला, आणि म्हणाले, "त्या दहा जणांकडे लक्ष असू द्या. घाबरलेली आहेत पोरं." मी हो म्हणालो.

लक्ष काय ठेवणार? पंधरा दिवसांच्या आत दहाही जणांनी याचिकेतून नावं काढून घेतली. तास हवे असतील तर अर्ज द्या, असा निरोप आला होता. ते अर्ज माझ्याच लॅबमधल्या प्रिंटरवर निघाले. मजकूर एकच, खाली नाव तेवढं वेगळं. सर असते तर साचा म्हणजे काय ते सांगायला त्यांनी हेच उदाहरण घेतलं असतं. ज्या बाईचं लग्न ठरत होतं ती अर्ज घेताना रडली. बाकीच्यांनी घड्या घालून खिशात ठेवले. मी कोणालाच दोष देत नाही. घरी चूल सगळ्यांना आहे. अकरांच्या याचिकेत एकच नाव उरलं, आणि ज्याचं नाव उरलं तो माणूस कॉलेजातच नव्हता. वकिलाने पुढे तारखेला उभं राहायचंही सोडलं.

सर सटाण्याला परत गेले. एका कांदा व्यापाऱ्याच्या गाळ्यावर कॉम्प्युटरवर पावत्या काढायला लागले. गावितचा नोकरी लागल्याचा फोन त्यांना आला तो तिथे, लिलाव चालू असताना. आवाजात काही ऐकू येईना, तरी त्यांनी तिच्याकडून पगार सोडून सगळं विचारून घेतलं, आणि मग मला फोन करून तेच सगळं सांगितलं. आवाज असा आनंदी, जणू नोकरी त्यांनाच लागली.

वर्षभरात किडन्या गेल्या. पाय सुजायचे, ते कामाच्या दगदगीवर ढकलत राहिले. कायम माणसाला आजारपणाची बिलं मिळतात, रजा मिळते. त्यांना ह्यातलं काही नव्हतं. आठवड्यातून दोनदा मालेगावला रक्त शुद्ध करायला जायचं, ते कधी दोनदाचं एकदा व्हायचं. का व्हायचं ते वहिनींनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर ते गेले. त्याच्या थोडं आधी मी एसटीने सटाण्याला जाऊन आलो. घर गल्लीच्या टोकाला, पुढच्या खोलीत खाट. सर खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. अंगाने निम्मे झालेले, चेहरा मात्र सुजलेला. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, बठा, चहा ठेवस," आणि आत गेल्या.

त्यांनी कॉलेजातल्या एकेकाची चौकशी केली. विभागप्रमुखांच्या गुडघ्यांचीसुद्धा. मग हळूच म्हणाले, "वकील फोन उचलत नाही. केस कुठवर आली?"

"चाललीय," मी म्हणालो.

"पोरं टिकून आहेत ना?"

"आहेत सर. दहाही."

त्यांनी मान हलवली. आत कपबशांचा आवाज येत होता, तिकडे एकदा बघितलं. मग आवाज खाली आणून, कॉलेजात माझ्याशी कधी बोलले नव्हते त्या अहिराणीत म्हणाले, "मन्हं चुकनं, भाऊ. जागा लेवाले पाहिजे व्हती."

जागा घ्या, हेच तर मी त्या संध्याकाळी लॅबमध्ये त्यांना सांगितलं होतं, आणि आता ते ऐकताना वाटलं, नको, हे तुम्ही म्हणू नका. दुसरं कोणीही म्हणू दे.

त्यांनी माझा हात धरला. हात गार पडला होता.

"पण हे त्या दहांना सांगू नका," ते म्हणाले. "माझ्याकडे बघून थांबलीत ती."

"नाही सांगत, सर," मी म्हणालो.